ताजमधले दिवे, बडोद्यातला कंदील

मुंबईत पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला गेटवे ऑफ इंडियापाशी नेलं की कुणी ना कुणी ती गोष्ट सांगतोच. टॅक्सीवाला सांगतो, फोटो काढून देणारा सांगतो, शाळेच्या सहलीबरोबर आलेले गुरुजी सांगतात. जमशेटजी टाटांना म्हणे वॉटसन्स हॉटेलच्या दारातून परत पाठवलं, कारण ते हॉटेल फक्त गोऱ्यांसाठी होतं. जमशेटजींना ते लागलं. मग त्यांनी समुद्राकाठी असं हॉटेल बांधलं की गोरे साहेबच तिथे उतरायला धडपडू लागले. गोष्ट संपते तेव्हा सांगणाऱ्याची मान ताठ झालेली असते, आणि ऐकणाऱ्याचीही.

या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. अनेक अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, शहराची रया गेली, आणि व्यापारासाठी येणाऱ्यांना उतरायला जागतिक दर्जाचं ठिकाण हवं होतं. एका उद्योगपतीला हॉटेल काढायला एवढं कारण पुरेसं होतं. पण मला त्या गोष्टीच्या खरे-खोटेपणात फारसा रस नाही. एका श्रीमंत माणसाचा हॉटेलच्या दारात झालेला, कदाचित न झालेलाही, अपमान या देशाने एवढा मनावर घेतला की शंभर वर्षं उलटून गेली तरी तो तोंडपाठ आहे. आणि दुसरा एक अपमान, जो नक्की घडला, ज्याच्यावर तो गुदरला त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, तो मात्र आपल्या वस्त्यांबाहेर फारसा कुणी सांगत नाही. त्याच्याकडे येतेच. आधी ताज नीट बघून घेऊ.

ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला सुरू झालं. पहिल्या दिवशी पाहुणे होते सतरा. इमारत विजेच्या दिव्यांनी उजळलेली होती आणि त्या काळी मुंबईकरांसाठी तोच एक तमाशा होता. पंखे अमेरिकेचे, लिफ्ट जर्मनीच्या, टर्किश बाथ, इंग्रज बटलर, आणि कपडे धुवायला आतच लाँड्री. पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीचं भाडं दिवसाला 13 रुपये होतं असं सांगतात. साध्या गिरणी कामगाराचा महिन्याचा पगार तेव्हा याच घरातला. त्यामुळे ताजच्या दारावर कुणाची जात विचारायची गरजच नव्हती. ते काम दरपत्रकच करत होतं. तशी काही पाटी तिथे होती असा माझा दावा नाही.

इमारत मला आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही मित्रांना वाटतं की आपण अशा वास्तूंचं कौतुक करूच नये. मला तसं वाटत नाही. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोन भारतीय वास्तुविशारदांचा. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने तडीला नेलं. मधोमध तो जिना, खाली खांब नसलेला, वर घुमटापर्यंत चढत गेलेला. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, ही दुसरी दंतकथा. तीही खोटी. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने होता, कारण बग्ग्या तिकडूनच येणार होत्या. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, ती ही बाजू. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात जखमींसाठी 600 खाटांचं इस्पितळ होतं. 2017 मध्ये इमारतीच्या आकृतीचा ट्रेडमार्क घेतला गेला. देशात इमारतीला असा ट्रेडमार्क मिळण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे तो घुमट आता नुसता वारसा राहिलेला नाही, ती नोंदणीकृत मालमत्ता झाली आहे.

आणि ज्या वॉटसन्सने म्हणे दार लावून घेतलं, त्याचं काय झालं? ती इमारत काळा घोड्याजवळ अजून आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला होता. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांची कार्यालयं आणि वकिलांची चेंबरं झाली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळला आणि शेवटी धोकादायक ठरवून ती रिकामी करावी लागली. आता हेरिटेज वॉकवाले बाहेरूनच दाखवतात.

आता बडोदा.

1917 साल. ताज उघडून चौदा वर्षं झालेली. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला पंचविशी-सव्विशीतला एक तरुण बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला निघाला. शिष्यवृत्तीच्या करारामुळे ही नोकरी करणं भाग होतं. स्टेशनवर उतरल्यावर त्याच्यासमोर एकच प्रश्न होता: उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलं घेणार नाहीत हे माहीत होतं. ओळख लपवून जावं तर उघडकीस येण्याची भीती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या विचाराने त्याने टांगेवाल्याला पारशी विश्रामगृहाकडे गाडी घ्यायला सांगितली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी पुढचं सगळं लिहिलं आहे. ते तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलंही असेल. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शेवटच्या प्रसंगाने रडवलं. नंतर वाचताना लक्ष दुसऱ्याच गोष्टींवर गेलं. तिथे काय काय नव्हतं, यावर.

वरच्या मजल्यावर एक लहानशी झोपायची खोली. लागून नळ असलेली मोरी. बाकीचा सगळा मजला म्हणजे एक मोठं दालन, मोडक्या खुर्च्या, बाकं आणि फळ्यांच्या अडगळीने भरलेलं. वीज नाही. तेलाचे दिवेसुद्धा नाहीत. रात्री रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड खोलीभरही पुरत नसे. सोबतीला दुसरा एकही माणूस नाही. भाडं दिवसाला दीड रुपया. आणि ते भरूनही राहायचं कसं, तर नोंदवहीत खोटं पारशी नाव लिहून. अंगावर सदरा-कस्ती नाही म्हणून रखवालदाराने हटकलंच होतं. पण कुणी येत नव्हतं, चार पैसे मिळत होते, म्हणून त्यानेच वहीत पारशी नाव लिहायला मान्यता दिली.

ताजमध्ये विजेची रोषणाई होऊन चौदा वर्षं लोटल्यावर, कोलंबिया विद्यापीठातून आलेला हा माणूस त्या कंदिलाशेजारी पुस्तक धरून बसत होता. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बाराजण जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. ओळखीच्या एका हिंदू मित्राने सांगितलं, तू आमच्याकडे आलास तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको बाहेरगावाहून येतेय, तिला विचारावं लागेल. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण. मग कामाठी बाग, आणि रात्रीची मुंबईची गाडी.

हे मी पारशांवर राग काढायला सांगत नाही. काठ्या घेऊन आलेले पारशी होते हे खरं, आणि स्वतः नियम वाकवून खोली देणारा रखवालदारही पारशीच होता. बाबासाहेबांनी त्यातून काढलेला निष्कर्ष जास्त भेदक होता: हिंदूंसाठी जो अस्पृश्य, तो पारशांसाठीही अस्पृश्यच असतो. जात ज्यांच्या धर्मग्रंथात नाही त्यांच्या जिन्यावरही ती चढते. मला फक्त दोन अपमान शेजारी ठेवायचे आहेत. वॉटसन्सची गोष्ट खरी धरली, तर एका पारशी माणसाला दाराबाहेर ठेवलं गेलं आणि त्याच्याकडे भांडवल होतं म्हणून त्याने दुसरं दार बांधलं. बडोद्यात पारशी विश्रामगृहातून ज्याला बाहेर काढलं त्याच्याकडे भांडवल नव्हतं. त्याने काय केलं?

त्याने कायद्यात हॉटेल लिहिलं.

मी हे अलंकारिक बोलत नाही. 1930 मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात एक कलम असं आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला निवास, लाभ, सोयी आणि सवलती नाकारल्या तर तो गुन्हा धरावा. कुठल्या ठिकाणच्या सोयी? त्या यादीत सर्वांत पहिला शब्द आहे प्रवाशांच्या उतरण्याच्या जागांचा, म्हणजे विश्रामगृहांचा. शाळा, रस्ते, तळी, विहिरी त्यानंतर येतात. ही भाषा त्यांनी अमेरिकेतल्या 1875 च्या नागरी हक्क कायद्यातून घेतली होती, आणि तसा उल्लेखही त्या मसुद्यात केला होता. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना हॉटेल, गाडी, नाट्यगृह खुलं असावं म्हणून तो कायदा झाला होता. न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याने तिथून काय बांधून आणलं, हे पाहायचं असेल तर हे कलम पाहावं. शिक्षा किती मागितली होती? पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. 1947 मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्येही हे कलम पुन्हा आहे.

हॉटेलांच्या माहितीपत्रकात ‘सुविधा’ असं शीर्षक असतं. खाली वाय-फाय, स्पा, तलाव, चोवीस तास खोलीत जेवण. ती यादी बघताना मला नेहमी 1930 ची ही दुसरी यादी आठवते. तीही सुविधांचीच यादी आहे. पण त्यात पंखा कुठल्या देशाचा हे नाही, पंख्याखाली कोण बसू शकतो हे आहे.

29 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत या विषयाची चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमकं काय, त्यात धोबी येतो का, न्हावी येतो का, असे प्रश्न सभासदांनी विचारले. ते प्रश्न हास्यास्पद नव्हते. खेड्यात आजोबांची दाढी कोण करत होतं, हे ज्याच्या घरात ठाऊक आहे त्याला ते लगेच कळतील. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. मोबदला ठरवून सेवा देणारा प्रत्येकजण त्यात आला. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही संमत झालं. आज अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं असे शब्द स्पष्ट आहेत. देशाच्या राज्यघटनेत ‘हॉटेल’ हा शब्द यावा लागला, यातच आपल्या वारशाचा अर्धा इतिहास आला.

अमेरिकेतल्या ज्या कायद्यावरून ही भाषा घेतली, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1883 मध्येच रद्द ठरवला होता. पुन्हा तसा कायदा व्हायला 1964 उजाडलं. तेव्हा अटलांटा शहरातल्या 216 खोल्यांच्या एका मोटेलचा मालक कोर्टात गेला, की माझ्या खोल्या मी काळ्या माणसांना देणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो हरला. म्हणजे अमेरिकेच्या चौदा वर्षं आधी आपल्या घटनेत ही तरतूद होती. यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही, कारण तरतुदीला दात लावायचं काम ज्यांनी केलं त्यांनी ते फार हळुवार हाताने केलं. 1955 च्या कायद्याने, ज्याला आपण आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, हॉटेलात प्रवेश नाकारणं आणि हॉटेल-धर्मशाळेतली भांडी वापरू न देणं गुन्हा ठरवलं. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. मागितली होती पाच वर्षं. पाचशे रुपयांत आज पंचतारांकित हॉटेलात कॉफीसुद्धा येत नाही.

दाराची लढाई एकट्या महाराष्ट्राची नव्हती. 1957 मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये पेरियारांच्या कार्यकर्त्यांनी एका कॅफेसमोर दिवसेंदिवस निदर्शनं केली. मागणी एकच: पाटीवरचा ‘ब्राह्मणांचं’ हा शब्द काढा. कायदा येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आत इडली सगळ्यांना मिळत होती, मग शब्दाचं एवढं काय, असं तेव्हाही शहाणी माणसं विचारत होती. पाटी वाचून ज्याचे पाय उंबरठ्यावर अडखळतात त्याला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी एका शहरात वाणिज्य शाखेला शिकवते. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं घरातली पहिलीच पदवीधर होणार आहेत. गेल्या वर्षी एका कंपनीच्या मुलाखती एका मोठ्या हॉटेलात होत्या. आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी थांबली. अभ्यासात पहिल्या पाचातली, आकडेमोडीत कुणाला न ऐकणारी. तिचा प्रश्न मुलाखतीबद्दल नव्हता. तिने विचारलं, “मॅडम, आत सोडतील ना?”

तिला कुणी अडवलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनाही अशा हॉटेलाच्या दारात कुणी अडवलं नसेल, कारण ते त्या दारापर्यंत कधी गेलेच नाहीत. तरी प्रश्न तयार होता. असा प्रश्न एका पिढीत तयार होत नाही. जमशेटजींची गोष्ट तिला माहीत होती, चौथी-पाचवीत कधीतरी ऐकलेली. अनुच्छेद 15 परीक्षेपुरता पाठ होता. पण त्या अनुच्छेदात ‘हॉटेल’ असा शब्द आहे आणि तो आपल्यासाठी लिहिलाय, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. मी मोबाइलवर काढून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, “मग बाटलीतलं पाणी फुकट असतं का, ते पण लिहायचं ना यात.” खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली बहुतेक वेळा फुकट असते, आणि लहान फ्रिजमधलं सगळं बिलात लागतं, हे मी तिला सांगितलं. असल्या गोष्टी कुणीतरी सांगाव्या लागतात. सवर्ण घरांत त्या जेवताना सांगितल्या जातात, म्हणून तिथली मुलं हुशार दिसतात.

लॉबीत बसायला पैसे लागत नाहीत, हेही सांगून ठेवते. दारावरचा माणूस दार उघडतो तो तुमच्यासाठी, तुमच्या बुटांसाठी नव्हे. सुरक्षा तपासणी सगळ्यांची होते. ती अपमान नाही. कोणता काटा कुठल्या हातात, यावरून घाम फुटण्याची गरज नाही. हाताने जेवणाऱ्या करोडपतींसाठी वेटर काय करतात ते एकदा पाहा: काहीच करत नाहीत, वाटीत पाणी आणून देतात.

पण आत कसं जायचं, एवढ्यावर मी थांबले तर लेख अर्धाच राहील. कारण आपली माणसं या हॉटेलांत पहिल्यापासून आहेत. फक्त ती पुढच्या दाराने गेलेली नाहीत.

माझे मामा मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं होते. नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. रोज मागच्या गल्लीतून टाइम ऑफिसच्या दाराने आत, कार्ड पंच, गणवेश, मग तळघर. चादरी, टॉवेल, नॅपकिन. चादरी दाबणाऱ्या मोठ्या रोलरच्या मशीनची धग उन्हाळ्यात कशी लागते हे मामा हाताने दाखवायचे. निघताना डब्याची पिशवी उघडून दाखवायची, रोज. एवढ्या वर्षांत ते लॉबीत एकदाच गेले, तेही मोठ्या साहेबांच्या निरोपसमारंभाला, आणि सगळ्यांबरोबर रांगेने. आमच्या घरी मात्र चादर कशी घालायची, कोपरा कसा मुडपायचा, हे मामा शिकवायचे तेव्हा आई म्हणायची, “बघा, आमच्या भावाने राजे झोपवलेत.” विनोद होता. आता आठवून हसू येत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताजच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, काहींनी गमावला. जगभर त्याचं कौतुक झालं, व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ते शिकवलं जातं. ते सगळं रास्त आहे. त्या अभ्यासांत हेही आलं की ताज छोट्या गावांतून मुलं निवडतं, कारण तिथली मुलं मोठ्यांचा मान ठेवतात, सेवाभावी असतात. वाचताना मी तिथे थांबते. सेवाभाव हा या देशात गावागावांत सारखा वाटला गेलेला नाही. तो कुणाकडून सक्तीने घेतला गेला आणि कुणाला फुकट मिळाला, हे विचारल्याशिवाय ‘अतिथी देवो भव’ म्हणणं फार सोपं आहे. संडास कोण घासतं, कपडे कोण धुतं, स्वागतकक्षात कोण उभं असतं आणि व्यवस्थापकाच्या खोलीत कोण बसतं, अशी जातवार माहिती हॉटेलं देत नाहीत. कुणी मागतही नाही.

एका ठिकाणी मागता येत होती. सरकारी हॉटेलांत. दिल्लीचं अशोक हॉटेल 1956 मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी उभं राहिलं; पुढे भारत पर्यटन विकास महामंडळाखाली देशभर अशी हॉटेलं होती, आणि सार्वजनिक उपक्रम म्हणून त्यांच्या नोकऱ्यांत आरक्षण लागू होतं. हॉटेल व्यवस्थापनाच्या सरकारी संस्थांत आजही आपल्या मुलांना राखीव जागा आहेत. मात्र 2001-02 च्या आसपास निर्गुंतवणुकीत दिल्लीचं कुतुब, लोधी, रणजित अशी एकामागून एक हॉटेलं विकली गेली. कोलकात्याचं ग्रेट ईस्टर्न, ताजपेक्षा कितीतरी जुनं, शहराच्या अगदी मध्यात असलेलं, राज्य सरकारच्या मालकीचं होतं. 2005 मध्ये तेही खासगी हातात गेलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा लिहिलं, की सरकारने हॉटेल कशाला चालवायचं, पाव विकणं सरकारचं काम आहे का. ठीक आहे, नसेल. पण विक्रीच्या कागदावर झुंबरं, गालिचे, जमीन, सगळ्याची किंमत लागली. त्या नोकऱ्यांतल्या राखीव जागांची किंमत कुठल्या रकान्यात धरली होती? शिकायला राखीव जागा आणि नोकरीला खासगी मालक, असा हा जिना आहे. ताजमधल्या जिन्यासारखाच खाली आधार नसलेला. फरक इतकाच की तो उभा राहतो आणि हा राहत नाही. खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी ज्यांना अतिरेकी वाटते त्यांनी एवढा हिशेब तरी मांडून दाखवावा.

आणि हॉटेलचं दार उघडलं म्हणून राहण्याचा प्रश्न सुटला, असंही नाही. आपल्यातला मुलगा किंवा मुलगी पुण्यात, बंगळुरूत, अहमदाबादेत नोकरीला जाते. पहिले चार दिवस कंपनी हॉटेलात ठेवते, आणि तिथे कुणी आडनाव विचारत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की झालं. पाचव्या दिवशी भाड्याचं घर शोधायला निघालं की विचारणा सुरू होते. पूर्ण नाव काय, गाव कुठलं, खाणं काय. बडोद्यातला जिना आता सोसायटीच्या गेटवर आला आहे. अनुच्छेद 15 मध्ये हॉटेल आहे, भाड्याचं घर नाही. उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद फक्त पारशीच असतील, हा नियम वैध ठरवला. पुन्हा गुजरात, पुन्हा पारशी वास्तू, योगायोगच. पण निकाल एका समाजापुरता राहत नाही. त्याच्या आडोशाने कुठल्याही संस्थेला ‘आमच्यातलेच’ म्हणता येतं. 2011 च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने बाबासाहेबांचं 1948 चं उत्तर आठवून ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि खासगी महाविद्यालयालाही त्यात धरलं. हाच धागा धरून घरमालकापर्यंत कधीतरी कुणी तरी जाईल. वकिली शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी यात वीस वर्षांचं काम पडलेलं आहे.

दक्षिण मुंबईतल्या हेरिटेज वॉकना मी दोन-तीनदा गेले आहे. सकाळी लवकर निघतात, उन्हाच्या आत. गेटवे, ताज, मग काळा घोडा, एस्प्लनेड मॅन्शन, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. माहिती चांगली देतात. ताजपासून चालत अर्ध्या तासाच्या आत दादाभाई नौरोजी मार्गावर आनंद भवन आणि बुद्ध भवन आहेत. 1946 मध्ये बाबासाहेबांनी सुरू केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय इथे चालतं. शहराच्या ऐन मध्यात, बँका आणि विमा कंपन्यांच्या गर्दीत, मुद्दाम. दिवसा पोटापाण्यासाठी राबणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग. दर्शनी भागावर ताजसारखा घुमट नाही, ट्रेडमार्कही नाही. पण या शहरात पहिल्या पिढीचे पदवीधर ज्या जिन्यांवरून खाली उतरले त्यांत हा जिना फार वरचा आहे. एकाही वॉकमध्ये तिथे थांबलेलं मला आठवत नाही. मागच्या वेळी मी वाटाड्या मुलाला विचारलं. तो नम्र होता. म्हणाला, “मॅडम, तिथे बघण्यासारखं काय आहे?”

23 सप्टेंबरला बडोद्यात संकल्पभूमीवर, त्या बागेतल्या वडाखाली, दरवर्षी लोक जमतात. गुजरातमधले, महाराष्ट्रातले, आता दूरदूरचेही. ज्या विश्रामगृहातून त्यांना काढलं, त्या दीड रुपयाच्या खोलीची नव्हे, जिथे बसावं लागलं त्या झाडाची आठवण लोकांनी धरून ठेवली आहे. यंदा वर्गातली सात-आठ मुलं येतो म्हणताहेत, मुलाखतीची ती मुलगीही. तिला नोकरी लागली. बडोद्यात रात्र काढावी लागेल म्हणून मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलला फोन केला. तीन खोल्या, पंखा, गरम पाणी, सकाळचा चहा धरून. नाव विचारलं तेव्हा मी माझं पूर्ण नाव, आडनावासकट, नीट सावकाश सांगितलं, आणि पलीकडचा माणूस ते वहीत लिहून होईपर्यंत फोन धरून थांबले.